परळ : गिरण्यांचं गाव, दवाखान्यांचं गाव

मुलांनो, कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या गावात जा आणि पारावर बसलेल्या आजोबांना विचारा, "आजोबा, तुम्ही मुंबईत कुठं राहत होतात?" बरेच आजोबा सांगतील, "परळला!" नाहीतर लालबाग, काळाचौकी, करी रोड. सगळं तेच. एकमेकांना चिकटून असलेल्या या वस्त्यांना मिळून एकच नाव होतं, गिरणगाव.

गिरणी म्हणजे आपली पिठाची गिरणी नव्हे बरं का! ही कापडाची गिरणी. कापसाचं सूत आणि सुताचं कापड करणाऱ्या या गिरण्यांची धुराडी एकेकाळी परळच्या आकाशात माडाच्या बनासारखी उभी होती. भोंगा वाजला की पाळी बदलायची. एक लोंढा आत जायचा, एक बाहेर पडायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्या जागांवर काचेच्या उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात एक जुनं धुराडं मात्र अजून तसंच उभं आहे. खाली दुकानांची झगमग, आणि वर ते मुकं धुराडं!

पण परळची आणखी एक ओळख आहे. ती गिरण्यांच्या वेळीही होती आणि आजही आहे. परळ हे दवाखान्यांचं गाव आहे. आचार्य दोंदे मार्गावर उभं राहून नुसती मान वळवली तरी मोजता मोजता बोटं संपतात. हे केईएम रुग्णालय. त्याला लागूनच कॅन्सरसाठी देशभरात ठाऊक असलेलं टाटा रुग्णालय. हे खास लहान मुलांचं वाडिया रुग्णालय. जवळच हाफकिन संस्था. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली! पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. आणि हो, गाई-बैल, कुत्री-मांजरं यांच्यासाठीही परळला जुना, मोठा दवाखाना आहे. माणसांच्या दवाखान्याकडे वळणारी टॅक्सी आणि आजारी बोकडाला घेऊन निघालेला टेम्पो एकाच रस्त्यानं जाताना मी पाहिला आहे.

आता मी परळला कशी गेले ते सांगते.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या चौथीत एक मुलगी आहे. तिचं नाव इथं सांगत नाही, कारण ते तिचं तिचं आहे. लंगडीत तिला कुणी धरू शकत नव्हतं. पण त्या वर्षी दिवाळीनंतर ती खेळता खेळता मधेच ओट्यावर बसू लागली. "बाई, दम लागतो," म्हणायची. घरी आईला वाटलं, अभ्यास आणि पाणी भरणं टाळायला पोरगी सोंग करते आहे. मग शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. सगळ्या मुलांच्या छातीला डॉक्टरांनी नळी लावली. बाकीच्यांना अर्धा मिनिट, हिला मात्र पाच मिनिटं! बसवून ऐकलं, कुशीवर झोपवून ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिच्या हृदयात एक जादा आवाज येतो आहे. रत्नागिरीला दाखवा." रत्नागिरीहून पुढं चिठ्ठी मिळाली ती परळची.

मुलीचे वडील बोटीवर कामाला, सहा-सहा महिने घरी नाहीत. आई मुंबईला कधी गेलेली नाही. मग मीच रजा टाकली आणि आम्ही तिघी रातराणीच्या एस.टी.त बसलो. उजाडता उजाडता कंडक्टरनं हाक दिली, "परळ डेपो, चला उतरा!"

उतरायचं कुठं हा प्रश्न आम्हांला पडला नाही. मुलांनो, गिरणीच्या काळात कोकणातल्या पुष्कळ गावांनी परळ-लालबागच्या चाळीत आपापली खोली घेऊन ठेवली होती. ती कुणा एकाची नव्हे, सगळ्या गावाची. गावचा माणूस मुंबईत नोकरीला आला की त्याची वळकटी या खोलीत. आमच्या गावचीही अशी खोली आहे. दहा बाय बारा फूट. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, वर माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका. मुलीचे आजोबा एकेकाळी याच खोलीत राहून गिरणीत जायचे. खोली सांभाळणारे एक म्हातारे काका आहेत. ते म्हणाले, "तिच्या आज्याच्या वेळेला आम्ही तीस जण होतो इथं. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच जागेवर रातपाळीवाला आडवा! कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून." ती मुलगी खोली पाहून खुदकन हसली. "तीस जण? आमच्या अख्ख्या वर्गात बावीस आहोत!"

या खोलीची गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल. हे रुग्णालय आणि शेजारचं गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झालं. त्या काळी राज्य इंग्रजांचं. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्याच्या मानाच्या जागा गोऱ्या डॉक्टरांनाच मिळत. म्हणून शेठ गोरधनदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, 'इथं शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत.' रुग्णालय चालवते मुंबई महानगरपालिका. इथं साताऱ्याचा शेतकरी येतो, बिहारचा मजूर येतो, मुंबईचा टॅक्सीवाला येतो. सकाळी सातलाच केसपेपरच्या रांगा लागलेल्या असतात. कुणाच्या हातात एक्सरेची मोठी पाकिटं, कुणाच्या काखेत गोधडी, कुणाच्या डब्यात भाकरी. रांगेत आमच्या पुढं उभ्या असलेल्या नांदेडच्या एका आजींनी आमच्या मुलीला राजगिऱ्याचा लाडू दिला. आजारी माणसांची एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती, आणि अनोळखी माणसांनी एकमेकांची एवढी विचारपूस केलेलीही पाहिली नव्हती.

आमचा नंबर आला. आधी ईसीजी काढला. हाता-पायांना आणि छातीला तारा जोडल्या, कागदाच्या पट्टीवर डोंगर-दऱ्यांसारखी रेघ उमटली. मग इको. छातीवर गार, बुळबुळीत मलम लावून त्यावरून एक छोटं यंत्र फिरवतात. मुळीच दुखत नाही. यंत्रातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत जातो, हृदयावर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र दिसतं. वटवाघूळ अंधारात असंच 'पाहतं' ना! मुलीनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि ओरडली, "बाई, ते बघा, उघडतंय-मिटतंय!"

ती होती हृदयातली झडप.

आता थोडं थांबू आणि हे हृदय म्हणजे काय ते पाहू. तुमची मूठ वळा. साधारण तेवढंच तुमचं हृदय. छातीच्या मध्यावर, किंचित डावीकडे कललेलं. त्यात चार कप्पे. वरचे दोन रक्त घेतात, खालचे दोन रक्त ढकलतात. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तिथं त्याला प्राणवायू मिळतो. ते रक्त डाव्या बाजूला येतं आणि तिथून डोक्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत जातं. रक्त असं गोल गोल फिरतं हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरांनी १६२८ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं. त्याआधी शेकडो वर्षं लोकांना वाटत होतं की यकृतात रक्त तयार होतं आणि अंगात मुरून जातं.

आता एक गणित करा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं हृदय मिनिटाला सुमारे ९० वेळा ठोके देतं असं धरू. ९० गुणिले ६०, गुणिले २४. उत्तर आलं १,२९,६००. एका दिवसात! रविवारची सुट्टी नाही, मे महिन्याची नाही.

रक्तानं पुढंच जावं, मागं फिरू नये म्हणून हृदयात चार झडपा असतात. तिथल्या तरुण डॉक्टरताईंनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून आम्हांला समजावलं, तरी आईच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मी म्हटलं, "अहो, आपल्या विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना, तसं." काही ठिकाणी लोक त्याला चक्क फुटबॉल म्हणतात! पंप बंद झाला की वर चढलेलं पाणी परत विहिरीत पडू नये म्हणून तो असतो. त्यात काटकी अडकली तर काय होतं? पाणी मागं गळतं, मोटार नुसती गरगरते, तापते, आणि वाफ्याला पाणी पोचत नाही. आईनं लगेच मान डोलावली. "म्हंजे माज्या पोरीचा पंप गळतोय." डॉक्टरताई हसल्या. "अगदी बरोबर बोललात! डाव्या बाजूची झडप थोडी गळते आहे. म्हणून तिच्या हृदयाला तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. म्हणून तिला दम लागतो. ती आळशी नाही."

त्या शेवटच्या वाक्यावर आईनं पदर डोळ्यांना लावला.

ही झडप जन्मतःच बिघडलेली नव्हती. मग बिघडवली कुणी? डॉक्टरताईंनी विचारलं, "हिला मध्यंतरी घसा दुखून ताप आला होता का? त्यानंतर गुडघे सुजले होते?" आई आठवू लागली. हो, श्रावणात घसा धरला होता. मग दोन-तीन आठवड्यांनी आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग कोपर. "पडली असंल म्हणून तेल चोळलं. आपोआप गेलं वो सगळं."

मुलांनो, या आजाराचा कावा इथंच आहे. याला म्हणतात संधिवाताचा ताप. आजीच्या गुडघेदुखीला आपण संधिवात म्हणतो तो वेगळा. हा ताप बहुतेक करून पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना येतो. घशात एक जंतू शिरतो. नाव स्ट्रेप्टोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. आपल्या रक्तातले शिपाई त्याच्याशी लढायला निघतात. पण या जंतूचा वेश आणि आपल्या हृदयाच्या झडपांचा वेश यांत थोडं साम्य आहे. चोरानं पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातला होता म्हणून पोलिसांनी तसाच सदरा घातलेल्या घरच्याच माणसाला धरावं, तसं होतं. शिपाई आपल्याच सांध्यांवर आणि झडपांवर तुटून पडतात. सांध्यांची सूज काही दिवसांत उतरते. झडपेची इजा मात्र राहून जाते. आणि झडप आतून दुखत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

काही मुलांत आणखी एक खूण दिसते. हात आपोआप वळवळतात, हातातली वस्तू पडते, चांगलं अक्षर एकाएकी बिघडतं. आम्हां शिक्षकांना हे ठाऊक असायला हवं. नाहीतर मुलाला उगाच बोलणी बसायची.

आता त्या दहा बाय बाराच्या खोलीकडे परत येऊ. हा जंतू खोकल्या-शिंकण्यातून, जवळच्या श्वासातून पसरतो. तीस माणसं एका खोलीत, एका खिडकीत, एका हवेत झोपली तर जंतूला आणखी काय हवं? म्हणून हा गर्दीच्या घरांचा आजार आहे. युरोप-अमेरिकेतही एके काळी तो घरोघर होता. तिथं तो कमी होऊ लागला तो पेनिसिलिन येण्याच्याही आधीपासून! कारण लोकांची घरं मोठी झाली, हवेशीर झाली, पोटाला चांगलं मिळू लागलं. औषधानं पुढचं काम केलं. जगात आजही कोट्यवधी लोकांच्या झडपा या आजारानं बिघडलेल्या आहेत, आणि ते बहुतेक सगळे आपल्यासारख्या देशांत राहतात. जंतू गरीब-श्रीमंत ओळखत नाही, पण गर्दी ओळखतो.

आमची मुलगी गावातल्या ऐसपैस घरात राहते. मग तिला कसा झाला? गर्दीत तो जास्त पसरतो, पण एका वर्गात, एका बाकावरही पसरू शकतोच.

डॉक्टरताईंनी सांगितलं, "आत्ता ऑपरेशनची गरज नाही. गळती थोडी आहे. पण घशाचा हाच जंतू पुन्हा आला तर झडपेला पुन्हा मार बसेल. म्हणून तो येऊच द्यायचा नाही." त्यासाठी उपाय एकच, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. कमरेत. दुखतं. आणि किती दिवस? निदान ती २१ वर्षांची होईपर्यंत, कदाचित पुढेही.

मुलीनं तिथंच बोटं मोडायला सुरुवात केली. ३६५ भागिले २१. वर्षाला सतरा. नऊ वर्षांपासून एकवीसपर्यंत बारा वर्षं. सतरा बारे दोनशे चार! "बाई, दोनशे चार इंजेक्शनं!" आणि ती रडायलाच लागली. मी तिला काय सांगणार? आकडा तिनं बरोबर काढला होता.

समजूत काढली ती डॉक्टरताईंनी. तिला खिडकीशी नेऊन म्हणाल्या, "तुला एक गंमत सांगू? हे जे औषध आहे ना, त्याचा शोध १९२८ साली लंडनमध्ये लागला. अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे शास्त्रज्ञ सुट्टीवरून परत आले, तर त्यांच्या बशीत बुरशी आलेली! पण त्या बुरशीच्या भोवतीचे जंतू मेलेले. पावसाळ्यात तुमच्याकडे भाकरीवर बुरशी येते ना, तसलीच एक बुरशी." मुलगी रडता रडता हसली. आपल्या महाराष्ट्राचाही या औषधाशी संबंध आहे. स्वातंत्र्यानंतर पुण्याजवळ पिंपरीला सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला आणि १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. औषध परदेशातून येण्याची वाट पाहायला नको म्हणून.

"मी लंगडी खेळू का?" हा तिचा शेवटचा प्रश्न. "खेळ की! दम लागला की थांबायचं. कुणी चिडवलं तरी थांबायचं." हे उत्तर तिच्यासाठी होतं हं. झडप जास्त बिघडलेल्या मुलाला डॉक्टर वेगळा सल्ला देतात.

आणि झडप फारच बिघडली तर? त्याचीही एक लांबलचक हकिगत आहे. कधी झडपेची पानं एकमेकांना चिकटतात आणि वाट अरुंद होते. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर या डॉक्टरांनी एका मुलीचं हृदय चालू असतानाच त्यात बोट घालून अशी वाट मोकळी करून पाहिली. मुलगी वाचली, पण बाकीचे डॉक्टर इतके बिचकले की सूटर यांच्याकडे पुन्हा तसा रुग्ण कुणी पाठवलाच नाही. पुढे वीस वर्षांनी ते ऑपरेशन रुळलं. १९८२ साली जपानच्या कांजी इनोऊए यांनी छाती न उघडताच ते काम केलं. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा छोटा फुगा झडपेत फुगवायचा, की चिकटलेली पानं सुटी! आणि झडप बदलायचीच वेळ आली तर कृत्रिम झडपही मिळते. आपल्याच देशात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं अशी झडप तयार केली आणि १९९० च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली.

अख्खं हृदय बदलण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रियाही परळलाच झाली, याच केईएममध्ये! डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदयरोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं ते धाडस केलं. नवं हृदय धडधडू लागलं, पण रुग्ण काही तासच जगला. यश नंतर मिळालं. १९९४ साली अवयवदानाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीला डॉक्टर वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. मधली सव्वीस वर्षं मोजा. शोध असेच पुढं सरकतात.

दुपारी औषधांच्या रांगेत बसले असताना मी भोवतालची माणसं पाहत होते. हृदयविभागात मुलं थोडी होती. मोठी माणसं पुष्कळ. त्यांचा आजार वेगळा. त्यांच्या झडपा बहुतेक ठीक असतात, बिघडलेल्या असतात रक्तवाहिन्या. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतंच ना? ते देणाऱ्या बारीक नळ्या हृदयाच्या बाहेरून गेलेल्या असतात. वर्षानुवर्षं त्यांच्या आतून चरबीचा थर बसत जातो, आपल्या नळाच्या पाइपात क्षार बसतात तसा. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, फार तेलकट खाणं आणि बसून राहणं यांनी तो लवकर वाढतो. एक दिवस त्या थराला चीर पडते, तिथं रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद. हृदयाचा तेवढा भाग रक्तावाचून तडफडतो. हाच हार्ट अटॅक. अशीच वाट मेंदूत बंद झाली तर अर्धांगवायू.

शेजारी बसलेले एक गृहस्थ पूर्वी गिरणीत होते. म्हणाले, "रातपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू लागली. गिरणी बंद झाली, तंबाखू चालूच राहिली." त्यांच्या हृदयाच्या नळीत आता धातूची बारीक जाळी बसवलेली आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत आई-आजी मिश्री लावतात. मुलांनो, मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच. त्यांना हे तुम्ही सांगा. मुलांचं त्या ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

हेही पाठ करून ठेवा. मोठ्या माणसाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण आलं, ती कळ हातात, पाठीत किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तरीही तेच. त्या वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

संध्याकाळी आम्ही लालबागपर्यंत चालत गेलो. मसाल्याच्या दुकानांसमोरून जाताना तिघीही शिंकलो! चाळींच्या गॅलरीत कपडे वाळत होते, खाली पोरं क्रिकेट खेळत होती, आणि मागं पन्नास-पन्नास मजल्यांचे मनोरे. मुलगी मान वर करून मजले मोजत राहिली आणि तेहतिसाव्या मजल्यावर तिची मोजणी चुकली. रात्रीच्या गाडीनं आम्ही परतलो.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. तिच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यात दर एकविसाव्या दिवसाला लाल गोल केलेला असतो. गोल तीच करते. आई तिला वडापनं प्राथमिक आरोग्य केंद्रात नेते. तिथं आधी औषध सोसतं का ते पाहतात, मग इंजेक्शन देतात आणि अर्धा तास बसवून ठेवतात. गेल्या जुलैत लाल गोलाच्या दिवशीच साकवावरून पाणी गेलं. आई थांबली नाही. मुलीला घेऊन वरच्या वाडीतून, डोंगराच्या कडेनं दोन तास चालत पलीकडे गेली, मुलीला वाटेत चार वेळा बसवत. केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "उद्या आला असतात तरी चाललं असतं." आई म्हणाली, "आज उद्या म्हटलं की परवा होतं वो." आत्तापर्यंत चौतीस गोल झाले आहेत. एकही सुटलेला नाही. दर वर्षी परळला जाऊन इको करतात. यंदा गळती वाढलेली नव्हती.

आता तुमच्यासाठी काम. एक जाड कागद घ्या, त्याची गुंडाळी करा. एक टोक मित्राच्या छातीवर डाव्या बाजूला ठेवा, दुसऱ्याला कान लावा. 'लब-डब, लब-डब' ऐकू येईल. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांनी अशीच कागदाची गुंडाळी करून एका रुग्णाचं हृदय ऐकलं आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मला. हा 'लब-डब' म्हणजे झडपा मिटल्याचा आवाज. मनगटावरची नाडीही मोजा. आधी बसून, मग अंगणाला तीन फेऱ्या मारून. दोन्ही आकडे वहीत लिहा.

आणि आईबाबांसाठी एवढंच. साध्या सर्दी-पडशानं घसा खवखवतो, तो आपला आपण बरा होतो, त्याला उगाच गोळ्या देऊ नका. पण सर्दी-खोकला नसताना एकाएकी घसा फार दुखला, ताप आला, गिळता येईना, गळ्यापाशी गाठी आल्या, तर डॉक्टरांना दाखवा. या जंतूनं घसा धरला असेल तर नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं की पुढचा ताप बहुतेक टळतो. दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. रात्री खिडकी उघडी ठेवा. मुलाचा एक सांधा सुजून उतरला आणि दुसरा सुजला तर ते नुसतं 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नका. आणि नेहमी पळणारं मूल मधेच ओट्यावर बसू लागलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या छातीला एकदा नळी लावून घ्या.